चौथऱ्यावर चढवलं म्हणजे जपलं नव्हे

"स्टेशनाबाहेर ठेवलंय की ते इंजिन! रंगबिंग देऊन, भोवती बाग करून. आणखी काय जपायचं त्याचं?"

निवृत्त डिझेल इंजिनांचा विषय काढला की हे वाक्य येतंच. बोलणारी माणसं रेल्वेच्या वाईटावर असतात असं नाही. उलट त्यांना रेल्वेचा अभिमान असतो आणि मुलांचे फोटो त्यांनी त्याच इंजिनासमोर काढलेले असतात. म्हणूनच हा गैरसमज जास्त छळतो. इंजिन जपलं गेलंय अशी खात्री असलेला माणूस ते जपण्याची मागणी कशाला करील?

वाफेचं इंजिन चौथऱ्यावर ठेवलं तर निदान बघणाऱ्याला काही कळतं. बॉयलर, धुराडं, सिलिंडर, दट्ट्याचा दांडा, चाकं एकमेकांना जोडणारे दांडे, सगळं अंगावरच असतं. शाळकरी पोरगंसुद्धा बोट फिरवत सांगतं, की वाफ इथून येते, हे ढकलते, मग चाक फिरतं. डिझेल इंजिनाचं सगळं पोटात असतं. भारतात सर्वांत जास्त ओळखीचं झालेलं डब्ल्यूडीएम-२ घ्या. लांब हूडच्या दारांआड व्ही आकारात मांडलेलं १६ सिलिंडरचं अ‍ॅल्को २५१ इंजिन, त्याला जोडलेला मुख्य जनरेटर, टर्बो, ब्रेकसाठी दाबाची हवा आणि निर्वात तयार करणारा एक्स्प्रेसर, आणि पार टोकाला रेडिएटर. खाली प्रत्येक धुरीवर एक, अशा सहा ट्रॅक्शन मोटरी. डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज देतो आणि चाकं फिरतात ती त्या विजेवर. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. बाहेरून दिसतो तो फक्त पत्रा.

आणि चौथऱ्यावर बहुतेक वेळा तेवढाच पत्रा चढलेला असतो. इंजिन सेवेतून काढायचं ठरलं की त्यातले कामाचे भाग शेडमध्ये उतरवून घेतात. ट्रॅक्शन मोटरी, टर्बो, सिलिंडर हेड, कॉम्प्रेसरचे भाग, बॅटऱ्या असं जे जे दुसऱ्या चालत्या इंजिनाला लागू पडतं ते निघतं. यात गैर काहीच नाही. सुट्या भागांसाठी गाडी उभी राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण उरलेल्या सांगाड्याला रंग देऊन त्यापुढे 'वारसा' असा फलक लावला, की पुढच्या पिढीला आपण नक्की काय दाखवतो आहोत?

अशाच एका इंजिनाच्या बाजूच्या जाळीतून मी मोबाइलचा उजेड टाकून आत पाहिलं आहे. जनरेटरच्या जागी मोकळी बैठक, गॅस कटरने कापलेल्या बोल्टांची काळी टोकं, तोडलेल्या केबलींचे गुच्छ, वाळलेला पाला आणि पाण्याच्या दोन बाटल्या. बाहेर मात्र लाल-पिवळे पट्टे नुकतेच रंगवलेले, रंगाचा वास येत होता. कॅबच्या खिडक्या पत्रा ठोकून बंद केल्या होत्या. लोको पायलट ज्या हँडलने नॉच, म्हणजे शक्तीचा टप्पा, वाढवायचा ते हँडल आत आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

बरं, समजा सगळे भाग जागेवर ठेवूनच इंजिन उघड्यावर उभं केलं. तरी ते टिकत नाही, आणि याचं कारण सहसा कुणी सांगत नाही. चार फेऱ्यांच्या १६ सिलिंडरच्या इंजिनात, ते कुठल्याही स्थितीत थांबलं तरी, काही सिलिंडरांच्या एक्झॉस्ट झडपा उघड्याच राहतात. धुराड्याला झाकण नसेल तर पावसाचं पाणी टर्बोतून मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून त्या उघड्या झडपांवाटे थेट पिस्टनच्या डोक्यावर जातं. पिस्टनच्या रिंगा लायनरला गंजून धरतात. कोकणातला किंवा घाटातला एक पावसाळा त्याला पुरे होतो. रबरी होस आणि सील कडक होऊन तडकतात, वायरींचं आवरण सुटतं, तेल ओलावा धरतं. शेडमधली जुनी माणसं उभ्या इंजिनाचं बारिंग करत, म्हणजे लोखंडी पहार लावून क्रँकशाफ्ट हाताने थोडा फिरवून ठेवत, जेणेकरून काही एका जागी धरू नये. चौथऱ्यावरच्या इंजिनाचं बारिंग कोण करणार? तिथे येतो तो रंगारी, तोही एखादा मोठा पाहुणा यायचा असला तर.

आता काही जण म्हणतील, डिझेल इंजिनात एवढं जपण्यासारखं आहे तरी काय? वाफेची गोष्ट वेगळी होती. हे वाचताना तरी त्यांनी थोडं थांबावं. अ‍ॅल्को ही न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीची कंपनी. तिची इंजिनं १९५०च्या दशकाच्या अखेरीस डब्ल्यूडीएम-१ म्हणून भारतात आली, १९६२ मध्ये डब्ल्यूडीएम-२ आलं, आणि तंत्रज्ञान देण्याच्या करारावर वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये त्यांचं उत्पादन सुरू झालं. तिथलं पहिलं इंजिन जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते रुळांवर आलं. त्याचं नाव 'कुंदन'. मूळ अ‍ॅल्को कंपनीने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं. आपण मात्र तिची इंजिनं एकविसाव्या शतकातही घडवत राहिलो, सुधारत राहिलो, २६०० अश्वशक्तीची ३१०० आणि ३३०० करत राहिलो. एकट्या डब्ल्यूडीएम-२ची संख्या अडीच हजारांच्या वर गेली. अ‍ॅल्कोच्या विद्येची सर्वांत मोठी हयात शाखा अमेरिकेत नव्हे, भारतात होती. ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ मध्ये संपली, पण त्याआधीची आणि नंतरची कितीतरी वर्षं देशाचा माल आणि माणसं या इंजिनांनी ओढली. पुण्यातल्या घोरपडीच्या आणि कल्याणच्या शेडमध्ये हजारो कामगारांचं आयुष्य त्यांच्या तेलात हात काळे करण्यात गेलं. हा वारसा नसेल तर वारसा कशाला म्हणायचं?

शिवाय मूळ रूपातलं डब्ल्यूडीएम-२ आता सहजी मिळतही नाही. पतियाळाच्या कारखान्यात आयुष्याच्या मध्यावर होणाऱ्या पुनर्बांधणीत अनेक इंजिनांची अश्वशक्ती वाढवली गेली, जनरेटर बदलले, वर्ग बदलला. तो रेल्वेच्या दृष्टीने शहाणपणाचाच निर्णय होता. पण त्यामुळे जे थोडं मूळ अवस्थेत उरलं त्याची किंमत वाढते.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात डिझेलची काही महत्त्वाची इंजिनं आहेत. जनरल मोटर्सचं डब्ल्यूडीएम-४ तिथे आहे. याच वर्गाच्या इंजिनाने १९६९ मध्ये पहिली हावडा राजधानी ओढली. ती ठेवली हे उत्तमच झालं. पण ती उभी आहेत. वाफेच्या इंजिनांसाठी हरियाणात रेवाडीचं शेड आहे, जिथे जुनी इंजिनं पेटवली जातात, चालवली जातात, त्यांची दुरुस्ती येणारी माणसं टिकवली जातात. डिझेलसाठी त्या तोडीचं केंद्र देशात उभं राहिलेलं नाही. आणि डिझेलला तर त्याची गरज जास्त आहे, कारण डिझेलचं जे काही आहे ते चालतानाच कळतं. अ‍ॅल्को आयडलवर उभं असतानाचे ते तुटक ठोके, नॉच उघडल्यावर टर्बो वेग घेईपर्यंत निघणारा काळ्या धुराचा लोट, मग हळूहळू चढत जाणारी शिट्टी. हे रंगाने जपता येत नाही.

"चालत्या स्थितीत ठेवणं कुणाला परवडतं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. ब्रिटनमधल्या हौशी मंडळींना परवडलं. तिथली डेल्टिक इंजिनं १९६१-६२ मध्ये आली, एकूण २२, आणि २ जानेवारी १९८२ रोजी त्यांचा शेवटचा प्रवास झाला. २२ पैकी सहा वाचली, आणि ती लोकांनी वर्गण्या काढून, सुट्टीच्या दिवशी स्वतःचे हात काळे करून पुन्हा चालू केली. वेस्टर्न वर्गाच्या ७४ इंजिनांपैकी सात वाचली. याउलट, ब्रिटनच्या मुख्य मार्गावरचं पहिलं डिझेल इंजिन, १९४७ चं एलएमएस १००००, १९६८ मध्ये भंगारात कापलं गेलं. आज तिथली माणसं त्याची प्रतिकृती नव्याने उभी करायला धडपडत आहेत. बेबी डेल्टिक वर्गाची दहाच इंजिनं होती आणि एकही उरलं नाही, म्हणून दुसऱ्या वर्गाचं इंजिन कापून-जोडून तसं बनवण्याचं काम चालू आहे. कापण्याआधी एक बाजूला ठेवायला जेवढा खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पट आता होतो आहे. 'परवडत नाही' म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

तिथल्या मंडळींकडे स्वयंसेवकांनी चालवलेले स्वतःचे रेल्वेमार्ग आहेत, हा फरक मात्र खरा आहे. आपल्याकडे कुणी खासगी संस्था इंजिन घेऊन देशाच्या रुळांवर चालवू शकत नाही. म्हणजे इथे ही जबाबदारी रेल्वेवरच येते आणि मागणी करण्याचं काम आपल्यावर.

आता बाकीचे गैरसमज, जे या विषयाच्या मागोमाग येतातच.

वीज आली की डिझेल इंजिन सरळ भंगारात जातं, हे खोटं. डिझेल इंजिनाचं ठरलेलं आयुष्य ३६ वर्षं धरतात. विद्युतीकरणाने रिकामं झालेलं पण आयुष्य शिल्लक असलेलं इंजिन शंटिंगला, मालधक्क्यांच्या साइडिंगला, अपघात मदत गाडीला जातं, किंवा आणीबाणीसाठी राखीव ठेवलं जातं. भंगाराची पाळी त्यानंतरची.

आपण शेजाऱ्यांना भंगार दिलं, असंही म्हटलं जातं. जुलै २०२० मध्ये बांगलादेशाला १० इंजिनं दिली ती डब्ल्यूडीएम-३डी वर्गाची, ३३०० अश्वशक्तीची. त्यांचं शिल्लक आयुष्य २८ वर्षं किंवा अधिक असल्याचं भारत सरकारच्याच निवेदनात होतं. मे २०२३ मध्ये आणखी २० गेली. त्याआधी, गेज बदलल्यामुळे रिकामी झालेली मीटर गेजची वायडीएम-४ इंजिनं मलेशियात जाऊन राबली आहेत.

सगळी डिझेल इंजिनं विजेवर चालणारी करतात, ही आणखी एक ऐकीव गोष्ट. वाराणसीत दोन डब्ल्यूडीजी-३ए मिळून १०,००० अश्वशक्तीचं जोडइंजिन बनवलं गेलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडाही दाखवला. पण अशी इंजिनं मोजकीच झाली, पुढे तो उद्योग थांबला.

तुंबलेल्या पाण्यातून डिझेल इंजिन बिनधास्त जातं, हेही नाही. त्याच्या मोटरी विजेच्या इंजिनासारख्याच धुरीला टांगलेल्या असतात, त्यामुळे पाणी रुळांवर चढलं की दोघांची अडचण सारखीच. वरची तार बंद पडली तर डिझेल चालतं, फायदा तेवढाच.

आणि 'लिलावात घेऊन घरासमोर ठेवू' म्हणणाऱ्या उत्साही मित्रांसाठी: भंगाराचा ई-लिलाव असतो हे खरं, पण डब्ल्यूडीएम-२चं वजन सुमारे ११३ टन आहे. क्रेन, ट्रेलर आणि रस्त्यातल्या पुलांची क्षमता यांचा आधी विचार करा.

मूळ मुद्द्याकडे येतो. सगळी इंजिनं जपा असं कुणीच म्हणत नाही. बाकीच्यांचं चांगलं पोलाद आणि तांबं पुन्हा भट्टीत जाणं योग्यच आहे. पण प्रत्येक महत्त्वाच्या वर्गातलं एक इंजिन पूर्ण, चालत्या स्थितीत, छपराखाली असावं. त्याच्यासोबत त्याची लॉगबुकं, दुरुस्तीच्या नोंदवह्या, कारखान्याचे नकाशे असावेत, आणि ज्यांना त्याचा आवाज ऐकून बिघाड सांगता यायचा त्या निवृत्त फिटरांचं बोलणं रेकॉर्ड केलेलं असावं. ती माणसं आज सत्तरीत-ऐंशीत आहेत.

आणि चौथराच बांधायचा असेल, तर तो तरी नीट बांधा. वर छप्पर घाला. धुराड्याला झाकण बसवा, रेडिएटरमधलं पाणी काढून टाका, झडपा नि सिलिंडर तेलाने माखून ठेवा. हूडची दोन दारं काढून तिथे काच लावा, आत दिवा सोडा. एखादा निकामी सिलिंडर उभा कापून शेजारी ठेवा, म्हणजे पिस्टन कुठे असतो ते मुलांना दिसेल. रंग द्या तो त्या इंजिनाच्या शेडचा मूळ रंग द्या. शेडगणिक रंगसंगती वेगळी होती आणि ती जुन्या फोटोंवरून सापडते. फलकावर प्रायोजकाचं नाव मोठं नको. इंजिनाचा क्रमांक, बांधणीचं वर्ष, ते कुठकुठल्या शेडमध्ये होतं, शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली, आणि त्याच्या पोटातून कोणकोणते भाग काढून घेतले, हे लिहा.