तिरकी कांडी आणि सरळ मींड : हवाईयन गिटारच्या स्वरजुळणीचे स्थलांतर

दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गाचे जुने नाव कर्झन रोड. मॅक्समुल्लर भवन, ब्रिटिश कौन्सिल, अमेरिकन सेंटर आणि २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन या वास्तू याच एका रस्त्यावर आहेत. नाव बदलले तरी रस्ता जागचा हलत नाही. वाद्याचे तसे नसते. वाद्य एका संस्कृतीतून दुसरीत जाते तेव्हा नावाबरोबर त्याची तार जुळवण्याची रीत बदलते, हाताची ठेवण बदलते, आणि कधी मूळ तंत्राचा मोठा भाग मागेच राहतो. भाषांतरमीमांसेत ‘काय हरवले’ हा प्रश्न बहुधा शब्दांपुरता विचारला जातो. हवाईयन गिटारच्या बाबतीत तो तारा आणि पडदे मोजून तपासता येतो.

हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजवतात. डाव्या हाताची बोटे तार दाबत नाहीत. त्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकते. या पद्धतीचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू या हवाईयन तरुणाला दिले जाते आणि काळ १८८९ च्या सुमाराचा मानला जातो. भारतात जन्मलेल्या आणि जहाजावरून होनोलुलूस पोहोचलेल्या गेब्रियल डेव्हियन नावाच्या मुलाने हे आधीच केले होते, असाही एक दावा आहे. भारतीय अभ्यासकांना तो सुखावतो. परंतु तेवढ्या आधारावर वाद्याचे पितृत्व भारताकडे आणण्याची घाई करू नये.

कांडी सरळ असते, त्यामुळे ती आडवी ठेवली की सर्व तारा एकाच पडद्यावर येतात. म्हणून खुल्या तारांचाच एक कॉर्ड जुळवून घ्यावा लागतो. जुन्या ‘ए’ जुळणीचा एक प्रकार, ‘ए’ ला षड्ज मानल्यास, खालून वर सा ग प सा ग प असा होतो. दुसरा प्रकार प सा प सा ग प असा. कांडी कोठेही सरळ ठेवली तरी हाच मेजर कॉर्ड वरच्या पट्टीत ऐकू येतो. सोय मोठी आहे, पण मर्यादाही तितकीच मोठी. कारण कोणतीही चाल केवळ मेजर कॉर्डांनी पुढे जात नाही.

या मर्यादेवरचा उपाय म्हणजे कांडी तिरकी धरणे. पहिल्या प्रकारातील सर्वांत उंच दोन तारा ग आणि प या आहेत. त्यांत तीन अर्धस्वरांचे अंतर आहे. त्यांवर बिलावलचे सप्तक जोडस्वरांत वाजवायचे असे समजू. रे–म, ग–प, ध–सा, नि–रे या जोड्यांत तीनच अर्धस्वर असल्याने कांडी सरळ चालते. सा–ग, म–ध आणि प–नि यांत मात्र चार अर्धस्वर आहेत. तेथे कांडीचे पुढचे टोक घोडीकडे वळवून उंच तार एक पडदा पुढे गाठावी लागते. सातांपैकी तीन जोड्या तिरक्या, आणि त्या नेमक्या षड्ज, मध्यम व पंचम या, मेजर कॉर्ड वाहणाऱ्या, स्वरांवर पडतात. उलट तिरपेचा उपयोग शेजारच्या सा–ग या तारांवर होतो. तेथे चारांचे अंतर तीन करायचे असते, म्हणून टोक खुंट्यांकडे वळते.

प्रत्यक्षात हे सोपे नाही. तारेची लांबी सुमारे ५७ सेंटिमीटर धरली तर पहिला पडदा ३.२ सेंटिमीटर रुंद येतो, बाराव्यानंतरचा जेमतेम १.६. म्हणजे एकाच जोडीसाठी खाली कांडी फार कलती धरावी लागते आणि वर तो कल कमी होत जातो. शिवाय एका पडद्याची तिरीप तीन तारांवर पसरली तर मधली तार अर्ध्या पडद्यावर, म्हणजे बेसूर जागी सापडते. ती टाळायची, की बोटाने ओढून सुरात आणायची, हे वादकाच्या कानावर अवलंबून असते.

पुढे ‘सी सिक्स्थ’ ही जुळणी प्रचारात आली : सा ग प ध सा ग. तीत सा ग प हा मेजर आणि ध सा ग हा मायनर, दोन्ही सरळ कांडीखाली मिळतात. तिरपेची गरज घटली, संपली नाही. पेडल स्टीलमध्ये तर तार ओढण्याचे काम यंत्राकडेच गेले.

भारतात हे वाद्य रुजले ते वेगळ्या मातीत. मूळचे सामोआचे असलेले ताउ मो आणि त्यांचे कुटुंब १९४० च्या दशकात कोलकात्यात राहून वाजवत होते. मुंबईत व्हॅन शिपली यांनी चित्रपटगीते विजेच्या गिटारवर लोकप्रिय केली. अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काब्रा यांनी याच वाद्यावर रागसंगीत आणले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर यांच्यासह ते ऐकू येतात.

‘मींडेमुळे हवाईयन गिटार भारतीय संगीताला मानवली’ हे विधान वारंवार केले जाते. ते खरे आहे, पण अर्धे. विचित्र वीणा आणि गोट्टुवाद्यम यांमुळे सरकत्या वादनासाठी कान तयार होता. मात्र एका वेळी एकच स्वर उलगडणाऱ्या संगीताला जोडस्वर नको होते, म्हणून तिरकी कांडी निरुपयोगी ठरली. खुल्या तारांनी कॉर्ड देण्याऐवजी षड्ज धरून ठेवायचा. त्यासाठी चिकारी आली, तरफा आल्या. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेवर मुख्य तारा तीनच आहेत आणि तरफा बारा. (हे नाव त्याआधी राधिकामोहन मैत्र यांच्या सरोदसदृश वाद्याला मिळालेले होते.) येथे रूपांतर झाले ते वाद्याच्या व्याकरणाचे, देहात झालेले बदल त्यामागून आले.

मूळ भूमीतही ही परंपरा अखंड राहिली नाही. ओहायोचा जेरी बर्ड १९७२ मध्ये हवाईत स्थायिक झाला आणि तिरप्या कांडीचे वादन तेथील तरुणांना शिकवू लागला.