घरातला ‘लव्हबर्ड’ नेमका कोण?

मराठी घरांत ‘लव्हबर्ड’ म्हणून पाळलेली चिमुकली जोडी बहुतेकदा बजरीगरची असते. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. बजरीगर ऑस्ट्रेलियाचा, आणि रानात हिरवा-पिवळाच.

पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. निळे-पांढरे रंग पुढे पिंजऱ्यातल्या पैदाशीत रुजले.

खरी गंमत जवळून बघण्यात! राळ्याचा दाणा जिभेने चोचीत फिरवत तो टरफल अलगद सोलतो आणि खाली टाकतो. नाकपुड्यांभोवतीची पट्टी मोठ्या नराची बहुधा निळी, मादीची तपकिरी.

नर भारी बडबड्या. कॅलिफोर्नियातल्या ‘पक’ नावाच्या बजरीगरला १,७२८ शब्द येत. गिनीज बुकात तशी नोंदच आहे.