पंपाच्या दारातली चाळणी

चहासाठी गाळणी, पिठासाठी चाळणी आणि विहिरीचे पाणी भरताना कळशीच्या तोंडावर बांधलेले दुपदरी फडके ही साधने तुमच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. तिघांचे काम एकच. नको असलेले मोठे कण अडवायचे आणि बाकीचे पुढे जाऊ द्यायचे. सबंध शहराला पाणी पुरविणाऱ्या यंत्रणेतही अशीच एक चाळणी असते. ती नदीकाठी, पंपाच्या दारात उभी असते. तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. पण ती तुंबली तर लाखो लोकांचे नळ कोरडे पडू शकतात.

नदीचे पाणी पिण्यायोग्य कसे करतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. तुरटी घालून गढूळपणा तळाशी बसवायचा, मग वाळूच्या थरातून पाणी गाळायचे आणि शेवटी क्लोरीनने जंतू मारायचे. हे सारे खरे; परंतु त्याच्याही आधी पाणी नदीतून उचलावे लागते. मुंबईसाठी भातसा नदीचे पाणी पिसे येथे उचलतात आणि पांजरापूर येथे शुद्ध करतात. पिंपरी-चिंचवडसाठी पवना नदीचे पाणी रावेत येथून उचलले जाते. अशा ठिकाणी काठाजवळ एक मोठी विहीर बांधलेली असते. पाणीपुरवठा खात्यातील मंडळी तिला ‘जॅकवेल’ म्हणतात. नदीचे पाणी या विहिरीत शिरते आणि तेथून पंप ते वर चढवितात.

आता आषाढातली नदी डोळ्यांसमोर आणा. पाण्याबरोबर फांद्या, पालापाचोळा, नारळ, निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुन्या चपला आणि जलपर्णीचे ताटवेच्या ताटवे वाहत येतात. यांपैकी काही पंपात शिरले तर काय होईल? पंपाच्या पोटात इम्पेलर नावाचे पात्यांचे चाक वेगाने फिरत असते. लाकडाचा ओंडका त्याची पाती मोडील. चिंधी किंवा पिशवी त्याला गुंडाळली जाईल, आणि मग मोटर तापेल, पण पाणी मात्र चढणार नाही. म्हणून पाण्याची पहिली तपासणी दारातच करावी लागते.

एकापुढे एक तीन चाळण्या

तुमच्यापैकी एखादा विचारील, “एकच खूप बारीक जाळी बसविली तर सगळाच कचरा एकदम अडणार नाही का?” अडेल खरा, पण ती जाळी काही मिनिटांतच पानांनी लिंपली जाईल. म्हणून चाळण्या जाडीकडून बारकाईकडे अशा क्रमाने बसवितात.

सर्वांत पुढे जाड लोखंडी गजांची चौकट असते. तिच्या गजांमध्ये ५ ते १५ सेंटीमीटर अंतर असते. ओंडके आणि मोठ्या फांद्या येथेच थांबतात. तिच्यामागे दुसरी चाळणी असते. हिच्या गजांत साधारण २ ते ५ सेंटीमीटर अंतर ठेवतात आणि ती बहुधा किंचित तिरपी असते, म्हणजे अडलेला कचरा दंताळ्याने वर ओढणे सोपे जाते. जेथे गरज असेल तेथे तिसरी, फिरती जाळी बसवितात. रहाटगाडग्याची माळ जशी खालून वर जाते आणि पुन्हा खाली येते, तशीच ही जाळीच्या तुकड्यांची माळ सावकाश फिरते. तिची भोके ६ ते १० मिलिमीटरची असतात. जाळी वर आली की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तिच्यावरचा कचरा धुऊन पन्हळीत पाडतात आणि स्वच्छ झालेली जाळी पुन्हा पाण्यात उतरते.

धरणातून पाणी घेताना आणखी एक युक्ती करतात. पाण्यात बुरुजासारखी विहीर बांधून तिला निरनिराळ्या उंचीवर दारे ठेवतात. तरंगणारा कचरा पृष्ठभागावर असतो आणि गाळ तळाशी. म्हणून मधल्या थरातले दार उघडतात. चाळणीवरचा अर्धा भार असा युक्तीनेच हलका होतो.

थोडे गणित करू

चाळणी किती मोठी हवी? समजा, एका शहरात १० लाख लोक आहेत आणि प्रत्येकाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यायचे आहे. म्हणजे दिवसाला १३ कोटी ५० लाख लिटर, अर्थात १,३५,००० घनमीटर पाणी. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की दर सेकंदाला सुमारे १.५६ घनमीटर पाणी चाळणीतून गेले पाहिजे.

गजांमधून जाताना पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असावा असे ठरवू. प्रवाह म्हणजे क्षेत्रफळ गुणिले वेग. तेव्हा मोकळी जागा हवी १.५६ भागिले ०.५, म्हणजे सुमारे ३.१ चौरस मीटर. पण गजही जागा अडवितात. गज १० मिलिमीटर जाड आणि फट २५ मिलिमीटर असेल, तर ३५ मिलिमीटरपैकी २५ च मोकळे. म्हणजे चाळणीचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ४.४ चौरस मीटर हवे. घराच्या दोन दरवाजांहून थोडे अधिक. दहा लाख लोकांचे पाणी एवढ्याशा जागेतून जाते!

आता खरी गोष्ट पुढे आहे. चाळणीतून जाताना पाण्याची थोडी ऊर्जा खर्च होते, त्यामुळे चाळणीच्या मागची पातळी पुढच्यापेक्षा थोडी खाली जाते. हा फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपली चाळणी स्वच्छ असेल तर फरक जेमतेम १ सेंटीमीटर भरतो. पण निम्म्या फटी पानांनी बुजल्या, आणि पंप मात्र तेवढेच पाणी ओढत राहिले, तर उरलेल्या फटींतून वेग दुप्पट होतो आणि फरक चौपट. पाऊण भाग बुजला तर वेग चौपट आणि फरक सोळापट!

दुष्टचक्र असे की, पातळीतला फरक जितका अधिक, तितका कचरा गजांवर अधिक जोराने दाबला जातो. एक पान अडले की फट अरुंद होते. मग तीत काडी अडते, काडीमागे गवत, गवतामागे शेवाळ. काही काळाने गज दिसेनासे होऊन गालिचाच तयार होतो.

गजाचा आकारही महत्त्वाचा

ओटो किर्शमर या जर्मन अभियंत्याने १९२६ साली प्रयोग करून चाळणीत पातळी किती घटते याचे सूत्र दिले. त्यात गजाच्या आकारासाठी एक गुणांक आहे. धारदार कडांच्या चौकोनी गजासाठी तो २.४२ आहे, तर गोल गजासाठी १.७९. म्हणजे नुसता आकार बदलला, तरी पातळीतली घट सुमारे पाव हिश्शाने कमी होते. पुढे गोलसर आणि मागे निमुळता होत जाणारा, माशाच्या अंगासारखा गज घेतला तर गुणांक ०.७६ पर्यंत खाली येतो. चौकोनी गजाच्या कडेपाशी प्रवाह तुटतो आणि मागे भोवरे उठतात. ऊर्जा त्या भोवऱ्यांत वाया जाते. निमुळत्या गजामागे प्रवाह पुन्हा अलगद जुळतो. मासा, होडी आणि विमानाचा पंख यांच्या आकारातले साम्य येथेही उपयोगी पडते.

बारीक जाळ्यांत त्रिकोणी छेदाच्या तारा वापरतात. तारेची रुंद बाजू पाण्याकडे असते, म्हणून फट तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होते. जो कण तोंडातून शिरला तो आत अडकत नाही, पुढे निघून जातो. फटीत पाचर बसू नये यासाठी किती साधी युक्ती!

दंताळे केव्हा चालवायचे?

पूर्वी चाळणी साफ करण्याचे काम माणसेच करीत आणि लहान केंद्रांत आजही करतात. लांब दांड्याचे दंताळे घेऊन, भर पावसात, रात्री-अपरात्री गजांवरचा कचरा ओढणे हे कष्टाचे आणि जोखमीचे काम आहे. मोठ्या केंद्रांत हे काम यंत्र करते. साखळीला बांधलेले दंताळे खाली जाते, त्याचे दात गजांच्या फटींत बसतात, आणि वर येताना ते कचरा सोबत घेऊन येते.

हे यंत्र केव्हा सुरू करायचे? घड्याळ लावून दर तासाला केले तर उन्हाळ्यात ते उगीच फिरेल आणि पुरात मात्र पुरे पडणार नाही. म्हणून चाळणीच्या पुढची आणि मागची पातळी सतत मोजतात. फरक ठराविक मर्यादेपलीकडे, समजा १५ सेंटीमीटरपलीकडे, गेला की दंताळे आपोआप चालू होते. त्यानेही भागले नाही तर घंटा वाजते आणि शेवटी पंप थांबवितात. चाळणी किती तुंबली आहे, हे पाणी स्वतःच सांगते. आपण फक्त मोजपट्टी लावायची.

पंप का थांबवावा लागतो, तेही पाहू. २ मीटर रुंदीची चाळणी तुंबून पुढे ३ मीटर आणि मागे २ मीटर पाणी राहिले, तर पाण्याच्या दाबाचा हिशेब केल्यास चाळणीवर सुमारे ५ टन वजनाइतका जोर येतो. अशा जोराने लोखंडी गजही वाकतात.

चाळणी हरते तेव्हा

इतकी व्यवस्था असूनही कधी कधी चाळणीची हार होते. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या प्रदेशातले झेब्रा शिंपले जहाजांच्या पोटातील पाण्याबरोबर उत्तर अमेरिकेत पोहोचले आणि १९८८ साली तेथील सेंट क्लेअर सरोवरात प्रथम आढळले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८९ मध्ये, ईरी सरोवरातून पाणी घेणाऱ्या मन्रो या गावाचा पाणीपुरवठा त्यांनी बंद पाडला. वाढलेला शिंपला दोन-तीन सेंटीमीटरचा, तो जाळीत अडेल. पण त्याचे पिल्लू मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतके असते. ते जाळीतून सहज आत जाते, नळाच्या भिंतीला चिकटते आणि तेथेच वाढते. चाळणी फक्त आज मोठे असलेले अडविते. उद्या मोठे होणारे तिला कळत नाही.

थंड देशांत पाणीच पाण्याची वाट अडविते. हिवाळ्याच्या रात्री वाहते पाणी शून्य अंशाच्याही किंचित खाली, अंशाच्या काही शतांशांनी, थंड होते आणि त्यात बर्फाच्या चिमुकल्या चकत्या तयार होतात. त्या लोखंडी गजांना चिकटतात आणि पाहता पाहता फटी बुजवितात. गज थोडेसे गरम ठेवले, की त्या चिकटत नाहीत.

समुद्रकाठच्या वीजकेंद्रांना वाफ थंड करण्यासाठी प्रचंड पाणी लागते. आपल्या तारापूरलाही ते अरबी समुद्रातून घेतात. अशा केंद्रांचा मोठा शत्रू जेलीफिश. तिचे अंग बहुतांशी पाण्याचेच. ती एकटी असली तर काहीच नाही. पण झुंडीने आली तर जाळीवर चिखलासारखी थापली जाते. तिच्यामुळे स्कॉटलंडमधील टॉरनेस केंद्राच्या दोन अणुभट्ट्या जून २०११ मध्ये बंद कराव्या लागल्या. स्वीडनमधील ऑस्कर्सहाम्न येथे २०१३ साली हेच घडले. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्समधील ग्राव्हलिन येथे चार अणुभट्ट्या आपोआप थांबल्या. अपघात मात्र कोठेही झाला नाही, कारण पाणी कमी पडताच यंत्रे थांबावीत अशीच रचना केलेली असते.

माशांचे काय?

जाळीपाशी वेग अधिक असेल तर लहान मासे पोहून परत फिरू शकत नाहीत आणि जाळीला चिकटून मरतात. वीजकेंद्रांसाठी अमेरिकेतील नियमांत मान्य असलेला एक उपाय म्हणजे, जाळीतील वेग सेकंदाला अर्ध्या फुटाच्या, म्हणजे सुमारे १५ सेंटीमीटरच्या आत ठेवणे. आपल्या उदाहरणातल्या शहराने हा नियम पाळायचा ठरविला, तर मोकळी जागा ३.१ ऐवजी १०.४ चौरस मीटर लागेल. मासे वाचवायचे तर चाळणी तिपटीहून मोठी, आणि खर्चही त्या मानाने अधिक. हा खर्च करावा की नाही, हे भौतिकशास्त्र सांगत नाही. किती होईल, एवढे मात्र ते चोख सांगते.

एक इशारा

माशाला जे लागू, ते पोहणाऱ्यालाही. समजा, ३० सेंटीमीटर व्यासाच्या नळाचे तोंड पाण्याखाली ३ मीटरवर आहे आणि नळ आतून रिकामा आहे. त्या तोंडावर कोणी आडवे आले, तर पाणी त्याला सुमारे २१० किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने तेथे दाबून धरील. वरून पाहणाऱ्याला पाणी शांतच दिसते. कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी ताकदीने सुटका होत नाही. म्हणून कालव्यातील गज, बंधाऱ्याची दारे आणि जॅकवेल यांच्या आसपास कधीही पोहू नका. चेंडू गेला तर जाऊ द्या.

करून पाहा

एका प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापा, तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा रबराने घट्ट बसवा आणि बाटली उलटी धरा. ठराविक मापाचे पाणी ओतून ते गळायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग पाण्यात कोथिंबिरीची चुरलेली पाच, दहा, वीस पाने टाकून पुन्हा मोजा. वेळ आणि पानांची संख्या यांचा आलेख काढा. तो सरळ रेषा येतो की वर वळतो? वळत असेल तर का, याचे उत्तर वरच्या गणितात दडलेले आहे.

जाळीची ६ मिलिमीटरची भोके दोन मायक्रॉनच्या जंतूपेक्षा तीन हजारपट मोठी असतात. म्हणून जंतूंचे काम पुढच्या टप्प्यांवरच सोपवावे लागते. पण पूजेचे निर्माल्य आणि बाजाराची पिशवी यांना अडविण्यासाठी कोणाला भर पुरात दंताळे चालवावे लागू नये, एवढी व्यवस्था आपण नदीकाठी उभे असतानाच करू शकतो.