खालून ठक-ठक येतंय? आधी चावी काढा!

सकाळी गाडी सुरू केली की एक आवाज येतो. जड, खोल, खालून येणारा. लाकडी पेटीच्या आत बसून कुणीतरी हातोडी मारतंय असा. ॲक्सिलरेटर दाबला की ठोकेही पळायला लागतात. तुमच्या घरी दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेली गाडी असेल आणि हे वर्णन ओळखीचं वाटत असेल, तर हा लेख वाचून होईपर्यंत तरी ती बाहेर काढू नका. खरंच.

पेठ वडगावात आमच्या दारात हा आवाज आला तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बाबांचा कपड्यांचा धंदा. गाडीत गठ्ठे भरायचे आणि आठवडी बाजार करायचे. गाडी पेट्रोलवरची, चार सिलिंडरची. 'एवढा एक बाजार करून येतो, मग बघू,' असं बाबा म्हणाले. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या मेस्त्रींनी मात्र बॉनेटला कान लावला आणि चावीच काढून घेतली. "अण्णा, बाजार बुडला तर एक बुडंल. रॉड भाईर आला तर इंजिनच जाईल."

रॉड बाहेर येतो म्हणजे काय, तर पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनच्या ब्लॉकला भोक पाडतो. तसं होऊ नये म्हणून रॉड आणि क्रँकच्या मध्ये एक बेअरिंग असतं. बेअरिंग म्हटलं की सायकलचे छर्रे आठवतात ना? इथे छर्रे नसतात. दोन अर्धगोल पत्रे, प्रत्येकी साधारण दीड-दोन मिलिमीटर जाड. पाठ पोलादाची, आतून तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा मऊ थर. दुकानात यांना शेल म्हणतात. हा थर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. कचरा आला तर तो शेलमध्ये रुतावा, क्रँकला ओरखडा पडू नये. क्रँक महाग, शेल स्वस्त. मरायचं कुणी, ते आधीच ठरलेलं.

आता गंमत ऐका. सगळं ठीक असताना शेल आणि क्रँक एकमेकांना शिवतच नाहीत. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो आणि क्रँक त्यावर तरंगतो. १८८३ मध्ये इंग्लंडात बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगला भोक पाडलं, तर तेल उलट त्यातूनच वर यायला लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकली, तेलाने तीही बाहेर ढकलली! फिरणारा दांडाच तेल ओढून घेतो आणि दाब तयार करतो, याचं गणित पुढे १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने मांडलं. मी हे लेक्चरला ऐकलं होतं, पण समजलं ते गाडीखाली आडवं झाल्यावर.

ही फट छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते. केसापेक्षा कमी. तेल वेळेवर बदललं नाही, पातळी खाली गेली, किंवा जोतिबाचा डोंगर वरच्या गिअरमध्येच रेटत चढलात (हे आम्ही सगळेच करतो), की पापुद्रा फाटतो. शेल झिजतो, फट वाढते, तेलाचा दाब पडतो आणि ठोका सुरू होतो.

कोणता रॉड वाजतोय ते शोधायची जुनी युक्ती आहे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, काही सेकंद चालवायचं, पुन्हा बंद. मग पुढचा प्लग. ज्याची वायर काढल्यावर ठोका मवाळ होतो, तो आपला. आमचा तिसरा निघाला.

बऱ्याच गाड्यांत इंजिन न उतरवता, खालचं तेलाचं चेंबर खोलून हे शेल बदलता येतात. म्हणूनच घरी करायचा मोह होतो, आणि मी तो केला. पण नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. खाली पक्के स्टँड हवेतच. जळकं तेल डब्यात धरा, गटारात किंवा शेतात ओतू नका. चेंबरच्या तळाशी आम्हाला चमकी दिसली, गणपतीच्या मखरावर असते तशी. ती आमच्या शेलची होती.

रॉडची कॅप खोलण्याआधी रॉड आणि कॅप दोन्हींवर नंबर टाका. कॅप ज्या रॉडची त्याच रॉडला, त्याच बाजूने बसते. अदलाबदल चालत नाही. बोल्टच्या टोकांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर क्रँकवर ओरखडा तुम्हीच पाडाल. तीन शेल ठीक होते. तिसऱ्या सिलिंडरचा मऊ थर निघून खालचं तांबं उघडं पडलं होतं. नवा स्टँडर्ड शेल माझ्या खिशातच होता. वाटलं, बसवा आणि संध्याकाळी चहा प्या.

मेस्त्री म्हणाले, "आधी मोज."

इथेच बहुतेकांचं चुकतं. शेल झिजला तेव्हा क्रँक गप्प बसला होता का, हे डोळ्यांना दिसत नाही, नखालाही कळत नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमधले सर मायक्रोमीटर घेऊन घरी आले. क्रँकचा तो भाग उभा मोजला, आडवा मोजला, दोन्ही कडांना मोजला. उभ्या-आडव्यात ०.०५ मिलिमीटरचा फरक. अशा इंजिनांत ०.०१-०.०२ च्या वर सहसा चालत नाही. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये बघा. गोल राहिला नव्हता तो, किंचित अंडाकृती झाला होता. त्यावर नवा शेल बसवला असता तर ठोका थांबला असता, थोडे दिवस. शेलच्या पाठीमागे पत्री घालायची किंवा कॅप घासायची, हे जुगाड सुचवणारेही गल्लीत दोघे भेटले. त्यांचं ऐकू नका.

मग इंजिन उतरवलं. क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात गेला, चारही रॉडच्या जागा ०.२५ मिलिमीटरने ग्राइंड होऊन आल्या. त्याला तेवढाच जाड, ०.२५ अंडरसाइझ शेल लागतो. कोल्हापूरकर म्हणून सांगतो, या वस्तूसाठी फार लांब बघायला नको. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मेनन बेअरिंग्ज ही कंपनी इंजिनांसाठी असेच दुहेरी धातूचे बेअरिंग आणि बुश बनवते. आपण हायवेवरून बसने जातो, आत काय चालतं ते कुठे माहीत असतं?

बाबांचे चार बाजार बुडले. ते मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

परत बांधणी घरीच केली. क्रँकमधली तेलाची भोकं रॉकेल आणि हवेने साफ केली, कारण जुनी चमकी तिथेच लपते. शेलची पाठ कोरडी, आतली बाजू तेलाने माखलेली. बोल्ट नवे, आणि टॉर्क पान्यानेच आवळलेले. 'हाताच्या अंदाजाने' नाही. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून पाहायचा. अडकला तर थांबायचं. शेवटी इग्निशन तोडून, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला. मग चालू केली. ठोका नव्हता.

५०० किलोमीटर झाल्यावर तेल काढलं, फिल्टर कापून उघडला. बाबांनी त्यातलं तेल दोन बोटांवर घेतलं आणि दारातल्या उन्हात धरून बराच वेळ पाहिलं. चमकी नव्हती. हात पुसून ते गठ्ठे भरायला गेले.