आवाजाची गाळणी आणि शेजारधर्म

जुन्या व्हॉल्वच्या रेडिओची सुई शॉर्ट वेव्हवर फिरवीत असता मध्येच बदकाच्या ओरडण्यासारखे, पण निःसंशय मानवी असे काही बोलणे ऐकू येई, हे पुष्कळ वाचकांना आठवत असेल. आम्हांस ते एके काळी हेरांचे संकेत वाटत! वस्तुतः ती असत हौशी नभोवाणीकारांची, म्हणजे 'हॅम' मंडळींची साधी संभाषणे. त्यांतील अर्धा भाग मुद्दाम गाळून टाकलेला असे, आणि आपल्या घरगुती रेडिओत तो भरून काढण्याची सोय नसे.

गाळण्याचे कारण जागेची टंचाई. वाहक लहरीवर आवाज चढविला की तिच्या दोन्ही अंगांस एकेक पार्श्वपट्ट उभा राहतो. बोलण्यातील ३००० हर्ट्झपर्यंतची कंपने घेतली तर आकाशातली ६००० हर्ट्झ जागा अडते, आणि दोन्ही पट्टांतला मजकूर मात्र एकच. एका पट्टावर भागते हे जाणून अमेरिकेतील जॉन कार्सन यांनी १९१५ साली त्या रीतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९२७ साली सुरू झालेल्या लंडन–न्यूयॉर्क रेडिओ-टेलिफोनसाठी हीच रीत वापरली गेली. हौशी मंडळींत तिचा प्रसार झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर.

सांगायला सोपे, करायला कठीण! माणसाच्या बोलण्यातील उपयोगी कंपने सुमारे ३०० हर्ट्झपासून सुरू होतात; म्हणजे ठेवायचा पट्ट आणि टाकायचा पट्ट यांत अंतर अवघे ६०० हर्ट्झ, आणि हा छेद घ्यायचा तो साडेचार लाख हर्ट्झच्या आसपास. वेटोळे आणि धारित्र यांच्या साध्या मंडलाला ही धार येत नाही. काहींनी गाळणीच टाळून, आवाजाच्या दोन प्रतींत चतुर्थांश आवर्तनाचा फरक पाडून नको तो पट्ट परस्पर खोडून टाकण्याची युक्ती वापरली. पण तीत एका अंशाची चूक झाली तरी खोडलेल्या पट्टाचा सुमारे दहा हजारावा भाग शिल्लक राहतो. काहींनी गारेचे स्फटिक वापरले. आम्हांस मात्र सर्वांत मोहक वाटते ती आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथील कॉलिन्स कंपनीची यांत्रिक गाळणी. ही १९५२ साली पुढे आली.

बोटाएवढ्या नळीत निकेलमिश्रित लोखंडाच्या चकत्या एका रांगेत बसविलेल्या आणि बारीक तारांनी एकमेकींस जोडलेल्या. एका टोकास वेटोळ्यातील विजेने धातू आखडतो-प्रसरतो, ती थरथर चकतीमागून चकतीत सरकते आणि दुसऱ्या टोकास तिची पुन्हा वीज होते. ज्या कंपनाशी चकत्यांचा सूर जुळत नाही ते वाटेतच विझते. विजेचा प्रश्न असा घंटा घडविणाऱ्याच्या विद्येने सोडविला, याचे आम्हांस आजही कौतुक वाटते.

१९५९ च्या केडब्ल्यूएम-२ या प्रसिद्ध संचात हीच गाळणी होती. मध्य ४५५ किलोहर्ट्झ, रुंदी २.१, अर्थात ४५३.९५ ते ४५६.०५. वाहक लहर ठेवली ४५३.६५ वर, म्हणजे गाळणीच्या काठाबाहेर. वजाबाकी केली की कळते, आवाजातील ३०० ते २४०० हर्ट्झ एवढाच भाग पार होतो. 'स' आणि 'श' यांची धार बरीचशी याच्या वर असते. म्हणूनच या संचावर नाव-गाव अक्षरे फोडून सांगावे लागते. जागा वाचविण्याची ती किंमत.

आता खरी मेख. गाळणी असते प्रक्षेपकाच्या आरंभी; तिच्या पुढे मिश्रक, चालक नलिका आणि शेवटी दोन ६१४६ नलिका. यांपैकी कोणतीही मर्यादेबाहेर दामटली की गाळलेल्या आवाजात नवी कंपने जन्मास येतात आणि त्यांना अडविणारी गाळणी पुढे नसते. समजा, ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन सूर सोडले. तिसऱ्या प्रतीच्या मिश्रणाने ३१०० हर्ट्झ, आणि वाहकाच्या पलीकडच्या अंगास ५०० हर्ट्झ, असे दोन आगंतुक येतात. पाचव्या प्रतीने ४३०० आणि पलीकडे १७००. एकूण पसारा झाला ६००० हर्ट्झ! एवढ्या कारागिरीने वाचविलेली जागा माईकची कळ थोडी जास्त पिळल्याने पुन्हा गमावली.

जुन्या संचाचे अभिमानी मालक येथेच चुकतात. शेजारच्या कंप्रतेवरून कोणी "तुमचा आवाज फार पसरतो आहे" म्हटले, की उत्तर मिळते, "आमच्यात कॉलिन्सची गाळणी आहे!" तक्रार करणाऱ्याचीही बाजू तपासावी हे खरे, जवळचा बलवान संदेश ग्राहकालाच दडपून टाकतो आणि रुंद भासतो. त्याने ग्राहकात येणारा संदेश थोडा क्षीण करून पाहावा. पसारा संदेशापेक्षा झपाट्याने नाहीसा झाला तर दोष ग्राहकाचा. दोन्ही सारखेच उतरले तर प्रक्षेपकाचा. हा वाद केवळ शिष्टाचाराचा नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये टेलिफोन बंद पडले असता हौशी केंद्रांनी निरोप पोचविले. अशा वेळी ऐकायचा असतो तो बॅटरीवरचा क्षीण आवाज, आणि शेजारचा पसारा नेमका त्यालाच गिळतो.

इलाज महाग नाही. दोन सूर एकदम देऊन ऑसिलोस्कोपवर लहरीचे शेंडे पाहावेत. ते सपाट दिसू लागले की माईकची कळ मागे घ्यावी. थकलेल्या नलिका बदलाव्यात. कॉलिन्सच्या काही जुन्या गाळण्यांत आधारासाठी घातलेला फोम वितळून काळा चिकटा होतो आणि केसासारख्या तारा खातो, तेव्हा आवाज एकाएकी मंद किंवा वेडावाकडा झाला तर तिकडे लक्ष द्यावे. आणि भरदार आवाजाच्या हौसेने कोणी २.१ ऐवजी २.७ किलोहर्ट्झची गाळणी बसविणार असेल, तर आधी पुन्हा तीच वजाबाकी करावी. तिचा काठ येतो बरोबर ४५३.६५ वर, म्हणजे वाहक लहरीच्याच उंबऱ्यावर. स्फटिक न बदलता ती बसविली तर वाहक लहर आणि टाकलेल्या पट्टाची खालची कंपने दोन्ही तिच्यातून डोकावू लागतील.