दर्यापारच्या मालाची खतावणी

अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी १४६९ च्या सुमारास हर्मुजहून चौलला उतरला, तेव्हा विकण्यासाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. चौलच्या जकातनाक्यावरचे कारकून आपणच आहोत असे क्षणभर समजू. हा घोडा कोणत्या देशाच्या नावे मांडायचा? जहाज सुटले त्या हर्मुजच्या, घोडा जन्मला त्या मुलखाच्या, की धन्याच्या रशियाच्या? चौलचा तो व्यापार केव्हाच मावळला. प्रश्न मात्र याच किनाऱ्यावर, उरणजवळ न्हावाशेव्याला १९८९ साली सुरू झालेल्या बंदरात, आजही रोज पडतो.

तिथे येणाऱ्या मालाचे बिल ऑफ एंट्री आणि जाणाऱ्या मालाचे शिपिंग बिल कस्टम्सकडे दाखल होते. ही माहिती कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महानिदेशालयात एकत्र होते. देशोदेशींचे असे आकडे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या ‘कॉमट्रेड’ या भांडारात जमतात. आता आपली निर्यात ती समोरच्याची आयात. तेव्हा दोन्ही वह्यांचा मेळ बसायला हवा. तो सहसा बसत नाही, आणि दरवेळी त्यात लबाडीच असते असेही नाही.

आपण निर्यात मांडतो ती मालाच्या बंदरावरील किमतीने. घेणारे बहुतेक देश आयातीत जहाजभाडे आणि विमाही धरतात. शंभर रुपयांचा माल तिकडे एकशे दहाचा दिसला, तर दहा रुपये कोणी खाल्ले असे नव्हे. आपले वर्ष एप्रिलला सुरू होते, इतरांचे बहुधा जानेवारीला. शिवाय दुबईमार्गे पुढे गेलेला माल आपल्या वहीत अमिरातीच्या नावे पडतो, शेवटचा देश मात्र त्यावर भारत लिहितो. निकितिनचा घोडा तो हाच.

ही सारी कारणे वजा करूनही मोठी तफावत उरली, तर मात्र कान टवकारावेत. किंमत खोटी दाखवून पैसा देशाबाहेर नेण्याची वाट तिथूनच जाते. आणि आयातीच्या चुकीच्या आकड्यावर जकात ठरली, तर फटका शेतकऱ्याला आणि कारखानदाराला बसतो. म्हणून आमच्या मते चांगले भांडार दोन्ही देशांचे आकडे शेजारी शेजारी ठेवते. त्यांची सरासरी काढून भांडण मिटवणे सोपे खरे, पण त्याने पुरावाच पुसला जातो.

मालाच्या नावांची गंमत तर आपल्या हापूसवरूनच कळेल. १९८८ पासून चालू असलेल्या जागतिक वर्गीकरणात सहा अंकांपर्यंत आंबा, पेरू आणि मँगोस्टीन एकाच क्रमांकाखाली, ०८०४५० खाली, बसतात! भारत पुढे दोन अंक जोडून आंबा वेगळा काढतो. पण ते अंक आपल्या घरचे, दुसऱ्या देशाच्या वहीशी ते जुळतीलच असे नाही. त्यातून हे वर्गीकरण अधूनमधून सुधारले जाते. २०१७ नंतर २०२२ साली ते बदलले. तेव्हा दहा वर्षांची रांग लावणाऱ्याने जुना क्रमांक, नवा क्रमांक आणि बदलाची तारीख असे तीन रकाने आधी आखावेत, मगच बेरजेला बसावे.