वाट देताना तिसऱ्याचा विचार

रस्त्यावर सौजन्याने वागावे, दुसऱ्याला वाट द्यावी, ही शिकवण आपल्याकडे घराघरांतून दिली जाते. त्यामुळे सौजन्यातूनही अपघात होऊ शकतो असे कोणी म्हटले, तर वाचकांना नवल वाटेल. पण जपानमध्ये असे अपघात इतके परिचयाचे आहेत की त्यांना तेथे एक खास नावच पडले आहे. ते नाव आहे 'सांक्यू जिको', म्हणजे 'थँक यू अपघात'.

हा अपघात आपण मॉरिशसच्या लोकांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. जपानमध्ये आपल्याप्रमाणेच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. आपल्या बेटावरच्या कितीतरी मोटारी तेथूनच वापरलेल्या स्थितीत आणलेल्या असतात. म्हणून तेथल्या चौकात जे घडते, ते वाक्वा किंवा रोझ हिलच्या रस्त्यावरही तसेच्या तसे घडू शकते.

प्रसंग असा असतो. एका मोटारचालकाला उजवीकडे वळायचे आहे. समोरून वाहनांची रांग येत असल्यामुळे तो रस्त्याच्या मध्ये खोळंबून उभा आहे. समोरच्या रांगेतील एक भला चालक गाडी थांबवतो आणि पुढचे दिवे क्षणभर लावून 'तुम्ही आधी जा' अशी खूण करतो. वळणारा चालक मान लववून आभार मानतो आणि त्या भल्या माणसाला ताटकळत ठेवू नये म्हणून लगबगीने वळतो. नेमक्या त्याच वेळी, थांबलेल्या रांगेच्या डाव्या बाजूने, कडेच्या मोकळ्या जागेतून एक मोटरसायकल पुढे येत असते. थांबलेल्या गाडीच्या आडोशामुळे वळणाऱ्याला स्वार दिसत नाही आणि स्वारालाही वळणारी गाडी दिसत नाही. पुढे काय होते ते सांगायला नको.

या तिघांपैकी कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. दोघांनी एकमेकांचा विचार केला, पण तिसऱ्याचा केला नाही. आणि तिसऱ्यानेही ही रांग का थांबली असावी, याचा विचार केला नाही.

जपानला रस्त्यावरचे शहाणपण सहज मिळाले नाही. १९७० साली तेथे रस्त्यावरील अपघातांत १६,७६५ माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळाला जपानी लोक 'वाहतुकीचे युद्ध' म्हणत. त्याच वर्षी वाहतूक सुरक्षेसाठी मूलभूत कायदा करण्यात आला. पदपथ, पादचारी पूल आणि सिग्नल वाढले आणि मृत्यूंची संख्या उतरू लागली. पण १९८० नंतरच्या दशकात ती पुन्हा चढली आणि १९८८ मध्ये दहा हजारांच्या वर गेली. त्याच दशकाच्या आरंभी मोटरसायकली आणि मोपेड यांचा खप तेथे शिगेला पोहोचला होता व तरुण मुले मोठ्या संख्येने दुचाकीवर बसू लागली होती. १९९२ चा आकडा ११,४५१ होता. त्यानंतर मात्र तो पुष्कळ उतरला. २०२४ मध्ये २,६६३ माणसे दगावली. हाही आकडा लहान नाही, परंतु १९७० च्या मानाने तो एक षष्ठांशाहूनही कमी आहे. अधिक सुरक्षित मोटारी, आसनपट्टे, दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यांना कडक शिक्षा आणि तातडीचे वैद्यकीय उपचार या सर्वांचा त्यात वाटा आहे.

हेल्मेटची सक्तीही एका दिवसात झाली नाही. १९७८ मध्ये ती सर्व रस्त्यांवर मोटरसायकलस्वारांना लागू झाली. लहान मोपेडवाल्यांना मात्र १९८६ पर्यंत सूट होती. आपण जवळच तर जातो, वेग तरी कितीसा असतो, असे त्यांनाही वाटत असे. पण डोके आपटते तेव्हा घर जवळ होते की लांब, याला काही अर्थ उरत नाही.

तरुणांच्या बाबतीत जपानने आणखी एक उपाय करून पाहिला. १९८२ मध्ये हायस्कुलांच्या पालक-शिक्षक संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने 'तीन नाही' या चळवळीचा ठराव केला. परवाना काढू देणार नाही, चालवू देणार नाही, विकत घेऊ देणार नाही, असे ते तीन नकार होते. आईबापांची काळजी समजण्यासारखी होती. पण हायस्कूल सोडलेला मुलगा एक ना एक दिवस दुचाकीवर बसतोच, आणि तोवर त्याला काहीच शिकवलेले नसते. हे ध्यानात आल्यावर काही ठिकाणी धोरण बदलले. तोक्योच्या शेजारच्या साइतामा प्रांताने २०१९ पासून ही बंदी सोडली आणि परवाना घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षित चालवण्याचे वर्ग सुरू केले. नुसत्या मनाईपेक्षा शिक्षण बरे, हा धडा आपल्या घरांतही उपयोगी पडेल.

जपानी मोटार शाळांमध्ये शिकवली जाणारी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तेथे वाहन चालवण्याचे दोन प्रकार सांगतात. एक 'दारो', म्हणजे 'कोणी येत नसेलच' असे धरून चालवणे. दुसरा 'कामोशिरेनाई', म्हणजे 'कोणी येत असेलही' असे धरून चालवणे. 'थँक यू अपघात' हा 'नसेलच' या एका शब्दातून जन्मतो.

आता प्रत्येकाने काय करावे ते पाहू. वाट देणाऱ्याने खूण करण्याआधी डाव्या आरशात पाहावे. मागून दुचाकी येत असेल तर खूण करू नये. शिवाय दिव्यांच्या खुणेचा अर्थ सगळीकडे सारखा नाही. जपानमध्ये तिचा अर्थ बहुधा 'तुम्ही जा' असा होतो, तर भारतात 'मी येतो आहे, थांबा' असा घेतला जातो. म्हणून खूण मिळाली म्हणजे रस्ता मोकळा आहे असे वळणाऱ्याने मानू नये. आभार मानायची घाई नको. थांबलेल्या गाडीपुढून हळूहळू सरकावे आणि पलीकडची कड दिसेपर्यंत पाय ब्रेकवर ठेवावा. आणखी एक ध्यानात ठेवावे. मोटरसायकल आकाराने लहान असल्यामुळे ती आहे त्यापेक्षा दूर आणि हळू येत असल्याचा भास होतो.

दुचाकीस्वाराचीही जबाबदारी आहेच. रांग चौकापाशी मध्येच मोकळी जागा ठेवून थांबली असेल, तर कोणीतरी कोणाला तरी वाट दिली आहे असे समजावे आणि वेग कमी करावा. दिवसाही पुढचा दिवा लावावा. जपानमध्ये १९९८ पासून बनणाऱ्या मोटरसायकलींचा दिवा इंजिनाबरोबरच पेटतो, तो याच कारणासाठी. डावीकडे वळणाऱ्या लॉरीच्या डाव्या अंगाला कधीही राहू नये. लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात आणि तेथे असलेल्याला चेपून टाकतात. आपल्याकडे ऊसतोडीच्या महिन्यांत भरलेल्या लॉऱ्या रस्त्यावर असतात, तेव्हा तर हे विसरताच कामा नये. लॉरीवाल्यांनी आणि मोटारवाल्यांनीही डावीकडे वळण्याआधी मागे पाहावे आणि आधीपासूनच कडेला सरकून चालावे. जपानी कायदा हेच सांगतो. गाडी कडेला आली की मधल्या फटीत दुचाकी शिरत नाही.

१९८९ पासून जपानमध्ये १९ ऑगस्ट हा 'बाइक दिवस' मानला जातो. आठ, एक आणि नऊ या अंकांचे उच्चार जोडले की त्यांच्या भाषेत 'बाइकु' असा शब्द होतो, म्हणून ही तारीख निवडली. दुचाकीच्या अपघातांकडे सर्वांचे लक्ष वेधावे हा त्यामागचा हेतू आहे. आपल्या मंडळांच्या सभागृहांत गणेशोत्सवाच्या तयारीसाठी तरुण आणि वडीलधारी मंडळी जमतात. त्यातला अर्धा तास या विषयाला दिला, तर तो वाया जाणार नाही.

मोटारवाले आणि मोटरसायकलवाले अशा दोन जाती नाहीत. आपल्या कितीतरी घरांत बाबा मोटारीने कामावर जातात आणि त्याच रस्त्याने मुलगा किंवा मुलगी दुचाकीवरून जाते. थांबलेल्या रांगेच्या डावीकडून येणारा, कोणाला न दिसलेला तो स्वार कोणाच्या तरी घरचाच असतो. तेव्हा पुढच्या वेळी कोणाला वाट द्याल, तेव्हा आधी डाव्या आरशात पाहा आणि मगच खूण करा.